नासपतीची टोपली

दादा,

सवयीने दादा लिहिलं आहे, मानाने नाही.

सकाळी तुझा तुतारीवाला निरोप घेऊन गढीपाशी आला. तू राजाची फौज घेऊन नदीपलीकडे उतरला आहेस, आणि मी दरवाजा उघडला तर माझ्या केसालाही धक्का लागणार नाही, असं त्याने सांगितलं.

"आणि आत आसऱ्याला आलेली गावातली माणसं?" मी विचारलं. तू दरबारासाठी सोडलेला पंथ त्यांनी सोडला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

"त्यांच्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत, बाईसाहेब. हां, नासपती पिकल्या असतील तर एक टोपली द्या म्हणालेत. महाराजांना आवडतात."

आपली म्हातारी दाई जानेत तटावरून ओरडली, "धर्म खाल्लास, आता फळं पण हवीत का रे मेल्या! असं सांग त्याला!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. दरबारातला मोठा मान म्हणून रोज सकाळी राजाच्या अंगात सदरा चढवणारे तुझे हात मला दिसत होते. त्याच हातांनी ताल धरून तू मला आपल्या पंथाची स्तोत्रं शिकवली होतीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू ते दरबारात वाचून दाखवशील आणि तुझे मित्र हसतील. तुतारीवाल्याच्या हाती रिकामी टोपली दिली आहे.

तू जन्मलास तेव्हा बाबांनी कलम केलेलं नासपतीचं झाड मी दुपारी तोडायला लावलं. ते आता दरवाजाला आतून अडसर म्हणून लावलं आहे. फळं अजून त्याच्यावरच आहेत. महाराजांसाठी ती तुझ्या हातांनी तोडून ने.

दरवाजाच्या आतली,
इझाबो