जेवणाआधीचं नारिंगी

प्रिय जहाजबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. अक्षर माझंच आहे, जरा तिरकं झालंय इतकंच. तुला या नावानं हाक मारायचा मान खरं तर ह्यांचा. मी तुला नेहमी नुसतं 'अगं' म्हणत आले. पण कागदावर 'प्रिय अगं' लिहिता येत नाही, म्हणून आज सासऱ्यांनी ठेवलेलं नाव सासूनं उसनं घेतलं असं समज. सांगायचं खूप आहे आणि मधूनच शेवट सांगून टाकायची मला खोड आहे, हे तुला ठाऊक आहे. आज मात्र ओळीनं सांगणार आहे. तूही शेवटचं पान आधी उघडू नकोस.

काल संध्याकाळी मी तुझं ते इटालियन पेय घरी करून पाहिलं. एकटीनं, पहिल्यांदाच. आणि पार बिघडवलं. सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली, पोरांना द्रावणं करून देण्यात, आणि माझं प्रमाण कधी चुकलं नाही. कालही चुकलं नव्हतं. तीन भाग ती फेसाळणारी वाइन, दोन भाग ते नारिंगी कडू मद्य, एक भाग सोडा. सगळं काचेच्या मापानं मोजून, डोळे मापाच्या पातळीला आणून. पण सामान आधी मांडून ठेवायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे वाइनची बाटली मी भर दुपारीच उघडून ठेवली. संध्याकाळपर्यंत तिच्यातले बुडबुडे आपापल्या घरी गेले होते. बर्फही हात आखडता घेऊन घातला. दोन खडे तरंगले आणि बघता बघता विरघळले. तू सांगायचीस, आई, ग्लास काठोकाठ बर्फानं भरा, भरपूर बर्फ सावकाश वितळतो आणि थोडा बर्फ सगळं पाणचट करतो. मला ते तेव्हाही उलटं वाटायचं. काल पटलं. ग्लासात जे तयार झालं त्याला रंग तुझ्या पेयाचा होता आणि चव खोकल्याच्या औषधाची.

तू ते पहिल्यांदा केलंस ती संध्याकाळ आठवते? लग्नाला महिनाही झाला नव्हता. चिरंजीव नेहमीप्रमाणे कुठल्यातरी रस्त्याची मोजणी करायला गावाबाहेर गेलेले. तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, जेवणाआधी एक गंमत करू का. मला वाटलं कोशिंबीर वगैरे करतेयस. बघते तर ओट्यावर बाटल्या. सुनेनं घरात येऊन महिन्याच्या आत बाटली उघडावी, हे काही माझ्या पचनी पडण्यासारखं नव्हतं. मी भांडी जरा जास्तच वाजवत आवरत राहिले. तू मात्र अगदी शांतपणे सांगत होतीस. लग्नाआधी जहाजावरच्या बारमध्ये तू ज्याच्या हाताखाली काम करायचीस, तो म्हातारा इटालियन म्हणायचा की हे पेय झिंगण्यासाठी नाही, पोटाला नुसतं कळवण्यासाठी आहे, की बाबा रे, जेवण येतंय, दार उघडून ठेव. मग तू ग्लास बर्फानं भरलास, वाइन ओतलीस, वरून नारिंगी सोडलंस, सोड्याचा शिडकावा दिलास, चमचा एकदाच खालून वर फिरवलास. जास्त ढवळलं की जीव जातो, म्हणालीस. संत्र्याची चकती, एक हिरवं ऑलिव्ह. आणि पहिला ग्लास मला न देता ह्यांच्या पुढ्यात ठेवलास. शहाणी होतीस.

ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत राहायचं काम, त्यामुळे असेल, घरी आले की बोलणं संपलेलं असायचं. आमच्या जेवणात भांड्यांचाच आवाज जास्त. त्या दिवशी दोन घोट झाल्यावर त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, कडू आहे, पण कडू बोलत नाही. तिथून पुढे दर शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, आपण तिघं गॅलरीत बसायला लागलो. चौथी खुर्ची चिरंजीवांची, बहुतेक वेळा रिकामी. मी माझा अर्धाच ग्लास घ्यायचे आणि तोही 'चव बघायला' म्हणून, दर शनिवारी नव्यानं. लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरा-नवरीची गोष्ट, कुत्रं घेऊन अडकलेल्या बाईची गोष्ट, ही सगळी मी तेव्हा ऐकली. संसाराची इतकी वर्षं त्या गोष्टी ह्यांच्या पोटातच होत्या. म्हातारा इटालियन म्हणाला तसं दार उघडलं खरं, पण ते नुसतं भुकेचं नव्हतं.

आणि वन्संची ती संध्याकाळ! त्यांनी सरबत समजून एका दमात ग्लास रिकामा केला, छान आंबटगोड आहे म्हणून दुसरा मागून घेतला, आणि मग कुणी न विचारता आम्हाला सांगितलं की स्वतःला बघायला मंडळी आली होती तेव्हा त्यांना नवरा मुलगा नव्हे, त्याचा धाकटा भाऊ आवडला होता. ह्यांच्या हातातलं ऑलिव्ह खाली पडलं. तोंडावर धरायला पदर नव्हता, म्हणून तू संत्र्याची फोड धरलीस. वन्सं दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, काल माझी तब्येत बरी नव्हती. अजून तसंच म्हणतात.

पुढचं तुला सांगायला नको, तू त्यातून गेलीस. आम्ही मात्र ते फक्त बाहेरून पाहिलं. भांडण नाही, आदळआपट नाही. तुमच्या खोलीतला दिवा लवकर विझायला लागला, तू हसताना आधी दाराकडे बघायला लागलीस. आणि एके दिवशी चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. जणू नवीन पडदे घ्यायचे ठरवलेत. तू मान खाली घालून बसली होतीस. तू ग्लास धुतलेस, पुसून पालथे घातलेस आणि दोन बॅगा घेऊन गेलीस. ह्यांनी बॅगा खाली नेऊन दिल्या आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. चिरंजीवांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की तिला आता मोकळं सोडा, फोन नको, भेटी नकोत, तिला तिचं आयुष्य नव्यानं मांडू दे. आम्ही शब्द दिला. वाटलं, यात तुझंच भलं असेल. नवरा-बायकोचं नातं मोडायला वकील असतात. सासू-सुनेचं नातं मोडलं की नाही, हे कुणाला विचारायचं असतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तू नदीपलीकडे स्वतःचा छोटा बार उघडल्याचं मला आमच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षिकेकडून कळलं. मी घरात बोलले नाही. ह्यांना कळलं तर जीव तुटेल, आणि शब्द दिलेला. पण एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी बसमध्ये बसले. तुझ्या दुकानाच्या काचेपर्यंत आले, अगं. तू आत संत्रं कापत होतीस. केस आखूड केलेस ते तुला शोभतात. कुणाशी तरी बोलताना हसलीस, आणि दाराकडे न बघता हसलीस. मला वाटलं, ही सुखात आहे, आपण आत गेलो तर तिच्या चेहऱ्यावर आमचं घर येईल. मी परत फिरले. ह्यांना सांगितलं, दाढ काढावी लागणार नाही.

ह्यांचं म्हणशील तर त्यांनी निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी फिरायला जायचं व्रत घेतलं होतं. ऊन असो, थंडी असो, शनिवार चुकायचा नाही. परत यायचे ते खुशीत. पोटभर जेवायचे, एखादी गोष्ट सांगायचे. कधी ऑलिव्हची बरणी आणायचे, म्हणायचे, वाटेत दुकान लागतं. मी म्हणायचे, त्या बागेतल्या बाकावर कोण म्हातारे जमता हो, चांगली संगत दिसते. ते म्हणायचे, हो, संगत चांगली आहे.

गेल्या महिन्यात सकाळी दाढी करता करता ते खाली बसले. झटका आला होता, उजवी बाजू गेली. वेळेवर उपचार झाले, आता घरी आहेत, डोकं शाबूत आहे. पण शब्द एकेक करून, ओझं उचलल्यासारखे येतात. घाबरू नकोस, मी सगळं खरं सांगतेय. तर कालच्या आधीच्या शनिवारी दिवे लागायच्या वेळेला ते कासावीस झाले. दाराकडे बोट, बुटांकडे बोट. मला वाटलं, हवा हवीय. खिडकी उघडली तर चिडले. शेवटी डोळ्यांत पाणी आणून एकेक शब्द जोडत म्हणाले, "ती... वाट... बघत असेल."

कोण ती, असं मी विचारलं तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते तुला सांगत नाही. मग त्यांनी तुझं नाव घेतलं आणि रात्रीपर्यंत तुकड्यातुकड्यानं सगळं सांगितलं. तुझ्या बारसमोरच्या इमारतीत एका जुन्या सोबत्याला लिफ्टचं काही दाखवायला गेले होते, काचेतून तू दिसलीस आणि हा माणूस सरळ आत शिरला. तेव्हापासून दर शनिवारी भिंतीकडची खुर्ची, तुझ्या हातचा एक ग्लास, त्यांच्यासाठी मुद्दाम हलका केलेला. तू दर वेळी माझी चौकशी करायचीस म्हणे. आणि दर वेळी ते तुला बजावायचे की घरी कळू देऊ नकोस, हिनं पोराला शब्द दिलाय, तिचा शब्द माझ्यामुळे मोडायला नको. ती ऑलिव्हं तू द्यायचीस. मी ती खाऊन म्हणायचे, दुकानदार बरा दिसतो.

आधी मी हसले. मग त्यांच्या पलंगाशी बसून रडले. त्यांना जपायचं म्हणून मी गप्प, मला जपायचं म्हणून ते गप्प, आणि आम्हाला जपायचं म्हणून तू गप्प. आम्हा दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर सगळे शनिवार आम्ही जोडीनं आलो असतो. मी माझा अर्धा ग्लास घेतला असता. काल शनिवारी तुझं पेय करायला घेतलं ते एवढ्यासाठीच, की त्यांची ती वेळ अगदीच सुनी जाऊ नये. त्यांना द्यायची परवानगी नाही. मी शेजारी बसून प्यायले आणि त्यांच्या ओठांना फक्त संत्र्याची चकती लावली. ते अर्ध्या तोंडानं हसले आणि म्हणाले, "सपक."

चिरंजीवांना मी आज सकाळी सगळं सांगितलं. ऐकवायचं ठरवूनच बसले होते, की तुझ्या एका वाक्यापायी आम्ही तीन वर्षं कशी काढली. तो म्हणाला, "मी असं म्हणालो होतो?" त्याला आठवत नाही, अगं. खोटं बोलत नव्हता, मी त्याला ओळखते. त्या वेळी जे सुचलं ते बोलून तो मोकळा झाला होता. आम्ही मात्र ते वाक्य कुलूप लावून जपलं. मी त्याच्यावर रागावूसुद्धा शकले नाही. पोळीचा डबा झाकून ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसले.

आता हे पत्र कशासाठी, ते. ह्यांनी तुझ्यासाठी एक निरोप दिलाय. तो सांगायला त्यांना परवा सगळी दुपार लागली: शनिवारी ती खुर्ची अडवून ठेवू नकोस, गिऱ्हाइकाला बसू दे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जिना आता विसरा. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. निरोप पोचवायचं माझं काम मी केलं. पण मला तुला नुसता निरोप द्यायचा नाही. असे शनिवार किती राहिलेत, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. ते आता खाली उतरू शकत नाहीत. तू वर चढशील का, एवढंच विचारायला हे पत्र.

तुझीच,
आई