जिन्यावर बसलेली मुलं आणि साहेबांची पँट

मी, शाळेत कुबडीच्या आवाजामुळे 'ठकठक' आणि पुढे 'पुतळेवाल्या बाई' म्हणून ओळखली गेलेली, वय चौऱ्याहत्तर, धंदा कागदाच्या लगद्याचे पुतळे करणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. वकिलांच्या मसुद्यात 'शरीराने व मनाने धडधाकट असताना' असं होतं. त्यातलं शरीर मी खोडलं आहे. उजवा पाय लहानपणीच संपावर गेला. मरताना खोटं कशाला? मन मात्र ठणठणीत आहे, आणि कोण कधी काय बोललं ते त्याला पाठ आहे.

१. राहतं घर भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला. न्हाणीघरातले आधाराचे दांडे काढू नयेत. "मला काय गरज?" असं ती म्हणेल. म्हातारपण तिचाही पत्ता शोधून येणार आहे.

२. चहाचे कप वहिनीला. ती आयुष्यभर माझ्यासमोर माझ्या भावाला विचारत आली, "ताई चहा घेतील का?" जणू पायाबरोबर माझे कानही गेले होते. अट अशी, की कप देताना भाचीने तिच्याकडे न बघता माझ्या भावाला विचारावं, "मामी कप घेतील का?"

३. पुतळे माझ्या शाळेला. याला कारण आहे.

पाचवीपासूनचे वर्ग वरच्या मजल्यावर भरत. तेव्हाचे मुख्याध्यापक वडिलांना म्हणाले, "हिला रोज उचलून वर कोण नेणार? घरीच शिवणकाम शिकवा." वडील अडून बसले, म्हणून मला जिन्याखालच्या अडगळीत मोडक्या बाकांसोबत बसवलं. भूगोल मी छतातून ऐकला. आजही माझ्या नद्या अर्ध्यातच आटतात.

शाळेच्या शंभरीला आताचे मुख्याध्यापक घरी आले. "बाई, काहीतरी प्रेरणादायी करून द्या."

मी माझ्यासारखे जुने विद्यार्थी शोधून काढले. प्रत्येकाचा त्या वयातला पुतळा केला आणि शाळेत त्याला जे ऐकवलं ते त्याच्या हातातल्या पाटीवर लिहिलं. अंध मैत्रिणीच्या पाटीवर "तू गाणं शिक." (तिचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा आहे.) बहिऱ्या मित्राच्या पाटीवर "मागे बस, तुला काय फरक पडतो?" अडखळत बोलणाऱ्याची पाटी कोरी. त्याला कधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

समारंभ वरच्या सभागृहात होता. त्या सकाळी ही सगळी मुलं मी जिन्यावर बसवून घेतली. एकही पायरी मोकळी ठेवली नाही.

मुख्याध्यापक धावत आले. "अहो बाई, पाहुणे वर कसे जाणार?"

"मलाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता, सर."

"हॅ, त्यात काय!" म्हणत शिक्षणाधिकारी साहेब पुतळ्यांमधून घुसले. पुतळे चिकटवलेला सरस अजून ओला होता. साहेबांची पँट बहिऱ्या मुलाच्या मांडीला चिकटली ती चिकटलीच. ओढावं तर शिवण उसवे. शाळेतली पोरं हसून लोळली. शिवणाच्या बाई कात्री घेऊन येईपर्यंत साहेब पायरीवर बसून राहिले आणि दुसरं काही करता येत नसल्यामुळे त्यांनी सगळ्या पाट्या वाचल्या.

कापाकापी झाल्यावर ते टेबलक्लॉथ गुंडाळून अंगणातच बोलायला उभे राहिले. प्रेरणेबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाले, "वर्ग खाली आणा, कचेरी वर न्या." आता चाकाच्या खुर्चीतल्या दोन मुली पाचवीत सगळ्यांबरोबर बसून दंगा करतात, आणि मुख्याध्यापक रोज धापा टाकत जिना चढतात. त्यांचं पोट बरंच उतरलं आहे.

पुतळे जिना सोडून शाळेत कुठेही ठेवावेत. मांडीवरचा पँटचा तुकडा साहेबांच्या मालकीचा आहे. ओळख पटवून न्यावा. माझ्या कात्र्या आणि सरसाचं भांडं शिवणाच्या बाईंना.

४. बँकेतली शिल्लक शाळेत खुणांची भाषा शिकवण्यासाठी. पहिल्या तासाला सगळ्या शिक्षकांनी पुढच्या बाकावर बसावं.

५. शोकसभेत 'अपंगत्वावर मात केली' असं कोणी म्हणालं, तर त्याला खाली बसवावं. मात कसली? आम्ही बरोबरीत सुटलो.

६. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. मी चौकशी केली आहे, शरीररचनेचा वर्ग तिथे तिसऱ्या मजल्यावर भरतो. मला कोणी उचलून नेऊ नये. लिफ्ट बंद असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत मी खाली थांबेन. मला आता कसलीच घाई नाही.

सही: पुतळेवाल्या बाई
साक्षीदार: १. घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी
२. दातांच्या डॉक्टरीणबाई (सही करताना हसल्या, तरी ती ग्राह्य धरावी)
ठिकाण: तळमजला
तारीख: ३ मार्च, सकाळचा चहा झाल्यावर