टोचनगाडीची नवी कमान

दिग्रस,
दिवाळीनंतरचा दुसरा बुधवार

तीर्थस्वरूप सदाशिवदादा यायले धाकट्या पुष्पाचा वाकून नमस्कार, आन् वहिनीले त्याहून थोडा जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर? मारेगावकडे कापूस कसा निघाला यंदा? इकडं आम्ही सारे बरे आहोत, तुमच्या जवायाची पाठ सोडून, पण तीही आता रोज थोडी थोडी सुधरून राह्यली. (फोन काहून केला नाही, असं तुम्ही म्हणालच. फोनवर तुम्ही मले पुरं बोलू देत नाही. एसटीत नव्या ड्रायव्हरायले गाडी शिकवण्यात तुमचा जन्म गेला, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी ब्रेक दाबायची सवय लागली तुम्हाले. पत्राले ब्रेक नाही, म्हणून पत्र.)

आमची टोचनगाडी तुम्हाले ठाऊकच आहे. (वहिनी विचारतीन म्हणून लिहिते: बिघडलेल्या ट्रकचं तोंड मागच्या क्रेननं उचलायचं आन् त्याले ओढत गॅरेजले न्यायचं, हे तिचं काम.) ट्रक अडकवला की ती गरीब गाय असते. रिकामी असली की उधळते. पुसद रोडवर रिकामी पळवली तर डब्यातलं वरण भातावर न पडता छताले लागे. बावीस वर्षं तुमच्या जवायानं ते सोसलं. श्रावणात एका सकाळी हे खाटेवरून उठलेच नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं फोटो पाहिला (पाठीचा, गाडीचा नाही) आन् सांगितलं, की दोन महिने स्टेअरिंगले हात लावायचा नाही, आन् नंतरही या गाडीत बसायचं असन तर आधी गाडी सुधरवा, नाही तर विकून टाका.

तिसऱ्या दिवशी यायनं गाडी विकायले काढली. चौथ्या दिवशी महागावहून गिऱ्हाईक आलं आन् टायरायले लाथा मारून पाहू लागलं. यायनं चाव्या खाटेवर ठेवल्या आन् तोंड भिंतीकडं केलं. दादा, माह्यानं ते पाहवलं नाही. मी चाव्या उचलून कमरेले खोचल्या आन् म्हणलं, "भाऊ, चहा घेऊन जा. गाडी विकायची नाही."

गिऱ्हाईक गेलं, पण आता गाडी सुधरवणं माह्या गळ्यात पडलं. नेमसिंग मिस्त्रीले बोलावलं. (दिग्रसमध्ये त्याच्यासारखा मिस्त्री नाही, हे तो स्वतःच सांगते.) त्यानं गाडीखाली डोकं घातलं आन् म्हणाला, "कमान लय कडक हाय. चार पाटे काढून टाकू." चाकावर गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीत पोलादाचे पाटे एकावर एक बसवलेले असतेत, तेवढं तुम्ही जाणताच. चार पाटे निघाले आन् गाडी अशी मऊ झाली, की हे शेजारच्या सीटवर बसून गावातून फेरी मारून आले आन् मले म्हणाले, पाळण्यात बसल्यासारखं वाटते. मी शिरा केला. नेमसिंगनं दोनदा घेतला.

दुसऱ्याच दिवशी कापसातली सरकी काढायच्या जिनिंगवरून बोलावणं आलं. कापसाचा भरलेला ट्रक फाटकातच एक्सल मोडून बसला होता. नेमसिंग मोठ्या तोऱ्यात आमच्या स्टेअरिंगवर बसला, हे बाजूले, मी खाली उभी. क्रेननं ट्रकचं तोंड उचललं मात्र, आमची गाडी मागून म्हशीसारखी खाली बसली आन् पुढची चाकं जमिनीवरून सुटायले आली. नेमसिंग स्टेअरिंग डावीकडं फिरवे, गाडी सरळच जाये. तशीच सरळ जाऊन ती कापसाच्या गंजीत घुसली. कोणाले लागलं नाही, पण काचेपर्यंत कापूस. सारे व्यापारी गाद्या सोडून पाहायले आले. त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "टोचनगाडीले टोचन करायले आता कोणाले बोलवायचं?" हे खाली उतरले आन् एकटेच पायी घरी आले. वाटेत कोणाचा नमस्कारही घेतला नाही.

मले मात्र त्या दिवशी एक गोष्ट समजली. (इथं ब्रेक दाबू नका दादा, हा माह्या अभिमानाचा भाग आहे.) गाडीले ओझं काही दिवसभर नसते. ओढायच्या वेळी तेवढी ती कडक पाहिजे, बाकी वेळ मऊ. मग एकच कमान दोन्ही कामं कायले करन? मी पेट्रोल पंपावर जाऊन बसली आन् येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीखाली वाकून पाहू लागली. (पंपावरच्या लोकायले वाटलं, माह्यं काही हरवलं.) एका ट्रकले मोठ्या कमानीच्या वर अजून एक लहान कमान होती, आन् तिची टोकं कशालेच टेकलेली नव्हती. रिकाम्या गाडीत ती नुसती बसून राहे. ओझं आलं, की टेकून कामाले लागे.

नेमसिंगले सांगितलं तर म्हणाला, "मले ठाऊक हाय ते, पर ते वजनाच्या गाडीले असते."

"मंग आपली काय वरातीची आहे?" मी म्हणलं.

मग तीन दिवस त्यानं खरंच जीव लावून काम केलं. खाली लांब, मऊ पाट्यायची कमान, वर लहान कडक कमान, दोघीयच्या मधात माह्या मोजलेल्या तीन बोटांची फट. झिजलेले रबरी बुश बदलले, नवे शॉकअप टाकले. केबिन ज्या रबरांवर बसते ती दगड झालती, तीही फेकली. सीटखाली स्प्रिंग आली. टायरात हवा कायम भरल्या गाडीची असे, ती रिकाम्यापुरती कमी केली. ट्रक उचलायच्या आधी गाडीच्याच ब्रेकच्या हवेच्या टाकीतून नळी लावून वाढवायची. मग यायले सीटवर बसवून आर्णी रोडनं नेलं. दहाव्या मिनिटाले हे घोरून राह्यले. बावीस वर्षांत या गाडीत कोणी घोरलं नव्हतं.

खरी परीक्षा परवा झाली. पुसद रोडच्या चढावर सोयाबीनचा ट्रक बंद पडलता, मागं दोन एसट्या आन् लोकायची ही गर्दी. तोंड उचललं. आमची गाडी तीन बोटं खाली गेली, वरची कमान टेकल्याचा खट आवाज आला आन् गाडी तिथंच थांबली. पुढची चाकं जाग्यावर, स्टेअरिंग सांगितलेलं ऐके. दुसऱ्या गिअरमध्ये सारा चढ चढली, एकदाही न थांबता. हे पूर्ण वेळ समोरच्या पट्टीवर हात ठेवून बसले होते. वर आल्यावर एवढंच बोलले, "नाही विकली ते बरं केलं." माह्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

घरातल्या मोठ्यायले नमस्कार, लहानायले पापे, आन् तुमच्या गुडघ्याले तिळाचं तेल सांगा.

तुमची,
पुष्पा

ता. क. परवा गाडी कोण चालवत होतं, हे लिहायचं राहून गेलं. मी. ट्रॅक्टरचं लायसन होतंच, दोन महिन्यांपासून हेवीचं शिकाऊ आहे, आन् शेजारी हे होतेच. चढावर एसटीच्या ड्रायव्हरनं यायले विचारलं, "डोमाजीभाऊ, ड्रायव्हर कुठून ठेवला?" हे म्हणाले, "ठेवला नाही, लग्न करून आणला." आईले तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगा, पण मी सांगायच्या आधी सांगा.

दुसरा ता. क. पक्क्या लायसनची परीक्षा पुढच्या सोमवारी यवतमाळले आहे. तिथं गाडी मागं घेऊन दाखवा लागते. बिघडलेल्या ट्रकपर्यंत गाडी दर वेळी मागंच न्या लागते, ते आतापर्यंत नेमसिंग करे. काल मी एकटीनं करून पाहिलं. नेमसिंगची टिनाची टपरी आता नाही. तो सकाळपासून खिळे वेचून राह्यला. तुम्ही शुक्रवारच्या बसनं या, दादा. पुढं मले येते. मागं घेणं शिकवायले तेवढे या.