एका रिंगपुरता नवरा

३ डिसेंबर

उचलला नाही. पुन्हा फोन लावला — त्याने कट केला. पुन्हा लावला. शेवटी स्विच ऑफ! शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून मी हे करत होते, पस्तिशीची बाई. समोर आरोही टीचर मान खाली घालून डबा खात होती. तिला सगळं कळतं. लाज वाटली, तरी परत लावला.

नंदीशला एवढंच विचारायचं होतं — आपली मुलगी कुठं पुरलीस?

४ डिसेंबर

दिवाळीआधी गेली. मला सातवा महिना होता. नंदीश आणि ईरप्पा भाऊजी तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. आमच्या घरात आईला जागा सांगत नाहीत. जीव तिकडं ओढ घेतो, मग पुढचं मूल राहत नाही म्हणे. सासूबाईंनी बजावलं, नंदीशने मान डोलावली. उसाचं गाळप सुरू झालं तसा श्रीपूरला निघून गेला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. सुट्टीलाही घरी येत नाही, माणसं कमी आहेत म्हणतो. ड्यूटी संपली की एक रिंग देऊन कट करतो. म्हणजे मी बरा आहे, तू फोन करू नकोस. एका रिंगपुरता नवरा!

११ डिसेंबर

आरोहीने ओढून नेलं अपेक्षा मॅडमकडे. समुपदेशन करतात. मी नंदीशची गाऱ्हाणी घेऊन गेले होते, त्यांनी माझ्या आईबद्दल विचारलं. आई कधी मांडीवर घ्यायची, कधी त्याच गोष्टीला लाटणं फेकायची. मी दिवसभर तिचं तोंड बघत असायचे. आज कोणती आई आहे?

मॅडम म्हणाल्या, अशी मुलं मोठी झाली की आपलं माणूस जरा लांब गेलं तरी घाबरतात, चिकटतात. आणि ज्यांचं रडणं लहानपणी कुणी ऐकलंच नाही, ती आतून कडी लावतात. एक दार ठोठावतो, दुसरा कडी लावतो, म्हणून पहिला आणखी ठोठावतो. ऐकताना आमचा जुळे सोलापूरचा फ्लॅटच डोळ्यांपुढे आला.

फोन करावासा वाटला की थांबायचं. हातांना काम द्यायचं. भीती येते तशी जाते म्हणाल्या. बघू.

१३ डिसेंबर

शेंगा सोलताना सासूबाईंना विचारलं, नंदीश लहानपणी कसा होता? सहाव्या वर्षी वसतिगृहात ठेवला होता म्हणाल्या. 'पोरगं लई रडायचं. मास्तर म्हनला, रडायचं थांबस्तोवर येऊ नगा. आमी न्हाय गेलो. पुढं गेलो तर वळखच दिली न्हाय की त्यानं!'

कौतुकाने सांगत होत्या. किती लवकर शहाणा झाला म्हणून.

२१ डिसेंबर

नाही केला फोन. दाण्याचं कूट केलं. एवढं कूट खाणार कोण?

१४ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. सासूबाईंना घेऊन देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकायला गेले. नंदीध्वजांच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी, धक्काबुक्की. पुढे एका बाईच्या खांद्यावर तान्ही मुलगी झोपली होती. पोटात कळ यायला हवी होती. आली, पण शेजारच्या घरात कुणी रडावं तशी.

रात्री मॅडमना फोनवर हे आनंदाने सांगितलं, तर म्हणाल्या, 'मी थांबा म्हटलं होतं, महेश्वरी. बंद करा नव्हतं म्हटलं.' मला काही फरक कळला नाही. झोप लागते आता. ती मोडायची नाही मला.

२९ जानेवारी

पोळ्या लाटत होते, नंदीशची रिंग आली. आता कट होईल, आता होईल — नाही झाली! पूर्ण वाजला फोन. लगेच परत. सासूबाई म्हणाल्या, 'उचल की गं.' हात पिठाचे होते, पण ते काही कारण नव्हतं. उचलला नाही. आणि छातीत धडधडही नाही! शाबास महेश्वरी.

१ फेब्रुवारी

नंदीश आला. न कळवता. दाढी वाढलेली. बूटही न काढता उंबऱ्यापाशी खाली बसला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. वर न बघता बोलला —

'कुंभारीच्या आपल्या रानात आहे ती. विहिरीच्या वरच्या अंगाला. मी दर सुट्टीला येतो तिथं. इथूनच, दारावरून जातो. वर यायला भ्यायचो. त्या दिवशी तिथूनच फोन लावला तुला. म्हटलं, आता तुला बोलवावं.'

मग रडला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तोंड उघडं, आवाज नाही. माझे गुडघे धरून बसला. याच्यासाठी मी दिवाळीपासून त्याच्यापुढे डोकं आपटत होते. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. फिरवायचा असतो, एवढं ठाऊक होतं.

२ फेब्रुवारी

सकाळी तो आंघोळ करून तयार होऊन बसला होता. चल, दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, आज शाळेत चाचणी आहे, पुढच्या आठवड्यात बघू.

चाचणी खरंच होती. पण जावंसंच वाटलं नाही.