साबिनाचं तिसरं कारण

यासिओन्की, १२ जानेवारी १९९९

ती. बाबांना ओतिलियाचा सा. न. वि. वि.,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही पानभर ग्दिन्याच्या समुद्राचं कौतुक केलंत आणि वहिनींनी खाली बारीक अक्षरात खोकला वाढल्याचं लिहिलंय. आता मी कोणाचं खरं मानू?

शिक्षण मंडळ आपली शाळा बंद करायला निघालंय, हे दादाने सांगितलं असेलच. पट एकोणीस, शिक्षिका दोघी, आणि तुम्ही गावाच्या मागे लागून बांधून घेतलेल्या त्या दोन खोल्या. फेब्रुवारीअखेर मतदान आहे. पालकांनी अर्ज केलाय. मी म्हटलं, मुलांचंही म्हणणं पाठवू. मोठ्या वर्गाला निबंधाचे प्रकार शिकवणं चालूच होतं. वर्णन झालं, कथन झालं, वैचारिक राहिला होता. आधी मत, मग कारणं, मग दुसरी बाजू, शेवटी निष्कर्ष. विषय दिला, ‘आमची शाळा सुरू राहावी का?’

सातांपैकी सहाजणांनी राहावी म्हणून लिहिलं. बस चुकेल, आजी रडेल, शेगडीवर हातमोजे छान वाळतात. वनरक्षकाच्या साबिनाने मात्र ‘राहू नये’ लिहिलं, चार पानं. पंचाईत अशी की खरा वैचारिक निबंध तेवढा एकच आहे. मी तिला पाचपैकी पाच दिले, बाकीच्यांना तीन. आता पाकिटात सहा घालू की सात? लवकर कळवा. माझी नोकरी आणि तुमची शाळा दोन्ही त्यात आहेत.

खोकल्याला जपा. माया आहेच, ती तशीच असू द्या.

तुमची,
ओतिलिया


ग्दिन्या, २० जानेवारी

चि. ओतिलियास अनेक आशीर्वाद.

खोकला माझा आहे, तुझ्या वहिनीचा नाही. तेव्हा त्याबद्दल माझंच खरं मान.

सहा घाल. यात विचारण्यासारखं काय आहे? बारा वर्षांच्या पोरीला काय कळतंय! मी एकतीस वर्षं तिथे ‘हिवाळ्यातली नदी’ लिहून घेतली. नदीचं वर्णन करून कोणाची शाळा बंद पडल्याचं ऐकिवात नाही. तुम्हा नव्या लोकांना मुलांची मतं हवीत ना, मग आता निस्तरा. आणि पाच? उभ्या नोकरीत मी तिघांना पाच दिले. त्यात तू नव्हतीस.

चेष्टा सोडून सांगतो. त्या भिंती उभ्या करताना माझी कंबर कामातून गेली. तो कागद टेबलाच्या खणात ठेव आणि कुलूप लाव. तुझं भलं चिंतणारा,

बाबा


यासिओन्की, ३ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.,

रागवा हवं तर, सातही पाठवले. मत तुमचं, मी फक्त मांडणी तपासणार, असं मीच त्यांना फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. मग एक निबंध लपवायचा कोणत्या तोंडाने?

चूक केली ती वेगळीच. सगळ्यात चांगला निबंध वर्गात मोठ्याने वाचायचा, ही तुमचीच पद्धत. मी तिला वाचायला उभं केलं. तेव्हापासून तिच्या बाकावर कोणी बसत नाही. दुकानात बायकांनी तिच्या वडिलांनाही सुनावलं, की पोरीला बसची एवढी हौस असेल तर तिला आत्ताच पाठवा. मला तिच्याकडे बघवत नाही. तरी ती रोज वेळेवर येते आणि बाकावर एकटी बसते.

रागावलात तरी पत्र बंद करू नका, एवढंच मागणं.

ओतिलिया


यासिओन्की, ६ मार्च

ती. बाबांना सा. न.,

अकरा विरुद्ध चार. जूनअखेर आपली शाळा बंद. मला शहरात अर्ध्या वेळेचं काम मिळेल म्हणतात.

बातमी आली त्या दिवशी वर्गातल्या इग्नात्सीने साबिनाला तोंडावर सांगितलं, की हे तुझ्यामुळे झालं. बाकीच्यांचंही तेच म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी मी कागदपत्रांसाठी मंडळाच्या कचेरीत गेले. कारकुनाने गठ्ठ्याबरोबर आपलं पाकीटही परत दिलं. मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कोणी ते उघडलंच नव्हतं.

पाकीट वर्गात नेलं, एकेकाच्या हातात दिलं. मुलांच्या माना खाली गेल्या. इग्नात्सी दप्तर उचलून तिच्या बाकावर जाऊन बसला. मला वाटलं, आता तरी पोरीचा जीव भांड्यात पडेल. तिने पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, की म्हणजे कोणीच वाचलं नाही का. मी नाही म्हटलं. महिनाभर डोळ्यातून टिपूस न काढलेली ती मुलगी हमसून रडायला लागली. तुझा काही दोष नाही, हेच तर यातून कळलं, असं मी समजावलं. तर म्हणाली, त्यासाठी नाही रडत, मी दोनदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढला होता.

बाबा, पाकीट न उघडता सोबत पाठवतेय. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

ओतिलिया


ग्दिन्या, १५ मार्च

चि. साबिनास आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या बाईंचा बाप. तुमची शाळा मी बांधून घेतली. पाकीट मी उघडलं. सातही निबंध वाचले, तुझा दोनदा.

आधी माझी चूक लिहितो. तुझा निबंध पाठवू नको, असं मी बाईंना कळवलं होतं, आणि तेही न वाचता. मंडळाने तरी याहून वेगळं काय केलं?

तुझं पहिलं कारण, एकच बाई तीन वर्ग शिकवतात. ते मला पटलं नाही, का ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. दुसरं, शहरातलं ग्रंथालय. तिथे मी निम्मा हरलो. तिसऱ्यात तू म्हणतेस, या शाळेत माझ्या वयाची मुलगी एकही नाही, मी सहा वर्षं मधल्या सुट्टीत पहिलीच्या मुलांशी खेळते. त्यावर मी दोन दिवस विचार केला. एकतीस वर्षं मी पट मोजला, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. इथे मी पुरता हरलो.

मतदानाला मी असतो तर हात शाळेच्याच बाजूने वर केला असता. पण तुझा निबंध वाचून केला असता.

सवड झाली की लिही. मी वाचेन.

तेओफिल आजोबा