ज्याचा कापूस नाही

८ जानेवारी २००६, रविवार
शांती करायले बंदूक कायले लागते?

माझ्या पोराचा, जीवनचा, फोन आला दुकानात. पलटण कांगोले चालली, आफ्रिकेत. शांतीसेना म्हणे. पोराचं नाव यादीत हाये. "याडी, तू नाही म्हटलं तर नाव काढून घेतो. बावीस तारखेले सांग." आवाज उशिरा येत होता, विहिरीत बोलल्यासारखा. मी मधातच बोलत गेली. अर्धं त्यानं ऐकलंच नसन.

दुसऱ्याच्या घरचं भांडण! आपला देश काहून पोरं धाडते तिकडं?

१० जानेवारी
हिरासिंगकाका फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनाच विचारलं. म्हणे, "जगाची एक मोठी पंचायत हाये, जमनी. जो दुसऱ्याच्या भांडणात मधात उभा राह्यते, त्याच्या शब्दाले तिथं वजन. न आज आपण नाही गेलो, तं उद्या आपल्याकडं कोण येईन?"

म्हटलं, वजन दिल्लीचं वाढते, मग पोरगं काहून माझं?

हसले. "तुलेच पाठवा लागते कांगोत. दोन्हीकडचे पळून जातील!"

मले हसू नाही आलं. नाहीच म्हणणार मी.

१४ जानेवारी
संक्रांत, न नवरा महागावच्या बाजारात! लखीराम पाच दिवसांपासून कापसाच्या बंडीवर झोपून राह्यला. कापूस मोजायचा काटा बंद. खालच्या तांड्यानं आपल्यापुढं बंड्या घुसवल्या. डबा घेऊन गेलती. पाह्यलं तं काय — दोन्हीकडच्या लोकांनी बंड्यांच्या उभाऱ्या, बाजूचे दांडे, उपसून हातात घेतलेल्या!

मधात सतरंजी टाकून सरदार मिस्त्री बसलेला. ट्रॅक्टर दुरुस्त करते तो. एक चहा इकडचा पिते, एक तिकडचा. म्हणे, काटा सुरू झाला की एक बंडी यांची सोडा, एक त्यांची. दोन दिवसांपासून सांगते, कोणी ऐकत नाही.

"भाऊ, तुमचं तर एक बोंड नाही इथं. कायले बसले?"

"म्हणूनच तं बसलो, भाभी. ज्याचा कापूस हाये त्याले कोण मधात बसू देईन?"

१६ जानेवारी
आजही डबा घेऊन गेलती. काटा सुरू झाला न सगळे धावले. एकाची उभारी लखीरामच्या डोक्यावर आली — मी पाहिली — सरदार आडवा आला. पहिले हात मोडला, मग कपाळ फुटलं. सतरंजी लाल.

सगळे थिजले. उभाऱ्या खाली पडल्या. मग बंड्या सोडल्या, एक आपली, एक त्यांची. तेच! चार दिवस तो तेच सांगत होता!

लखीरामले खरचटलंही नाही.

१७ जानेवारी
सरदारले शुद्ध नाही.

१९ जानेवारी
शुद्ध आली! आम्ही दोघं यवतमाळच्या दवाखान्यात गेलतो. त्याची बायको रहमतबी पायाशी बसलेली. माझी मान वर होईना. तरी तोंड राहते का माझं? "बाई, जाऊ काहून दिलं त्यांना?"

"विचारलं कुठं त्यानं?" म्हणे. "ट्रॅक्टरचा पट्टा आणतो म्हणून घरून निघाला."

मग लखीरामकडं पाहत राह्यली. मले वाटलं, आता शिव्या देते. म्हणे, "यांना चहा द्या कोणी."

२१ जानेवारी
कांगोतही कोणाचा लखीराम असन. कोणी बाई असन डबा घेऊन उभी.

उद्या जा म्हणणार. दिल्लीच्या वजनासाठी नाही! रडणार नाही.

२२ जानेवारी, रविवार
म्हटलं, "जा."

आवाज उशिरा आला. "याडी, रागवू नको. तीन आठवडे झाले इथं येऊन. मागचा फोनही कांगोतूनच केलता."

मग विचारलं, "मधात तू एकटाच तं नाही बसत न?"

उत्तर यायचं होतं, न लाइन कटली.