गार पातेल्याला फडकं

प्रिय माकडा,

पूर्वी हे लाडाने म्हणायचे, तू दोरावरून सरसर चढतोस म्हणून. आज नुसतंच म्हणते आहे. पुढचं वाचण्याआधी मागे पुलावरचा तुमचा मुकादम उभा नाही ना, तेवढं बघून घे. मला त्याचं काही नाही, पण तुलाच नंतर वाटेल की बघायला हवं होतं.

चिंगी बरी आहे. ती आता ‘नको’ म्हणायला शिकली आहे आणि खाऊ हातात घट्ट धरूनही नको म्हणते. न्हाणीचं दार तू अर्धवट टाकून गेलास, ते मी बसवलं. वाकडं बसलंय, पण लागतं. रंगाऱ्याकडे मला कापडं धुवायचं काम पुष्कळ आहे. परवा एका भटक्या योद्ध्याचा झगा आला, कमरेपर्यंत राक्षसाच्या हिरव्या रक्ताने माखलेला. दुपारभर नदीत उभी राहून मी तो खळबळून काढला, तर पठ्ठ्या म्हणतो कसा, थोडं हिरवं ठेवलं असतं तर बरं झालं असतं, गावी दाखवायला! बाकीच्या बायका गारठ्याने बोटं आखडून पाण्याबाहेर पळतात. मला काही होत नाही, डोहकरांची मुलगी ना मी.

आपल्या मुलखात हे शेंबडं पोरही सांगेल. कडेकराला उंचावर घेरी येत नाही, डोहकराला पाणी बाधत नाही, भट्टीकराचा हात पोळत नाही. राक्षसांची लढाई संपल्यावर राजाने ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणे कामं वाटून दिली, पूल तुम्हाला, नदी आम्हाला, भट्ट्या त्यांना. आणि कुळं मिसळली तर पोरात कुठल्या तरी एकाचाच गुण उतरतो म्हणतात. तू कडेकर, मी डोहकर. चिंगी छपरावर चढणार की हौदात उतरणार, यावर आपण पैज लावली होती, आठवतं? तिने तिसरंच केलं. चुलीतला लाल निखारा उचलला, आपल्याला दाखवला आणि खुदकन हसली.

त्या वेळी नेमकी पाववाली काकू दारात उभी होती. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर मीही दारातच उभी राहिले असते, तेव्हा तिला काय बोलू! पण तू काय केलंस ते मी विसरले नाही. तू आधी चिंगीचा हात पाहिलास. फोड नाही, डागसुद्धा नाही. मग माझ्याकडे न बघता मागच्या खिडकीतून काचवाल्याच्या भट्टीकडे बघितलंस. काकूला तेवढं पुरलं. आठवड्याच्या आत तुझं पुलाचं काम निघालं. पुलाची कामं नदी उतरल्याशिवाय निघत नाहीत आणि नदी तेव्हा दुथडी वाहत होती, हे डोहकरांच्या मुलीला कळत नाही? पाणी तिथेच मुरत होतं.

काचवाला बिचारा आता आपल्या आळीतून येतच नाही, लांबून वळसा घालून जातो. त्याचा गुन्हा एवढाच, की चिंगीला त्याने काचेची चिमणी करून दिली होती. त्याच्या बायकोने मला बाजारात बघून तोंड फिरवलं. रंगाऱ्याकडे मी आत गेले की बोलणी थांबतात आणि सगळ्यांना एकदम आपापली कापडं पिळायची आठवण होते. मीही काही कमी नाही झाले. दोन बायका हसताना दिसल्या की माझ्यावरच हसतायत असं वाटतं, कुणी भाजी आणून दिली तरी हिला काय हवंय असा विचार येतो. संशय हा साथीच्या रोगासारखा आहे बघ. माझ्यावर घेतला गेला आणि मलाच जडला.

संध्याकाळी चिंगी निजली की दिव्याशी बसते. हेही तिथेच लिहिते आहे. दिव्याची काच अजून तीच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत वाऱ्याने खिडकी धाडकन उघडली आणि ती काच दिव्यावरून निसटली, तेव्हा तू ती वरच्या वर झेललीस. मी किंचाळले. तू हसत ती परत बसवलीस आणि म्हणालास, वेडे, अजून तापलीच नव्हती. मग तुझे हात माझ्या गालांना लावून दाखवलेस. त्या संध्याकाळी तोवर मी तुझ्या सदऱ्याची अख्खी बाही उसवून पुन्हा शिवली होती, त्याच उजेडात. किती सुखात होते मी! तुझी आठवण येत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं.

आता आईंचं सांगते. तू गेल्यापासून त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. चांगल्याही नाही. काकू ओसरीवर बसून मला ऐकू जाईल असं बोलायची आणि आई मूग गिळून बसायच्या. मीठ जास्त पडलं म्हणून अख्खी आळी ऐकेल असं बोलणारी तुझी आई, सुनेवर एवढा आळ आल्यावर गप्प? ना माझी बाजू घेतली, ना मला घराबाहेर काढलं. मला हे खटकायला लागलं. म्हणून मी त्यांच्यावर नजर ठेवली, हो, ठेवली. मी अशी नव्हते, तुम्ही मला अशी केलीत.

त्यांचं ते निळं फडकं माहीत आहे ना, सदा खांद्यावर असतं? चुलीवरचं भांडं त्या फडक्यानेच उतरवतात, त्यात नवल काय. पण एका सकाळी फळीवरचं रिकामं पातेलं काढताना त्यांनी तेच फडकं धरलं. रात्रभर गार पडलेलं पातेलं! मी म्हटलं, सवय असेल. मग पाहिलं तर गरम काय नि गार काय, त्या सगळ्यालाच फडकं धरतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण यांचं तोंड कधी पोळलेलं तर दिसायला हवं! आणखी एक. फोडणी हातावर उडाली की त्या ‘हाय’ करतात, पण आधी हाताकडे बघतात आणि मग करतात. आपलं तसं नसतं. आपल्या तोंडून आधी ‘हाय’ निघतं, हात नंतर बघतो.

सुट्टीच्या दिवशी मी डाव टाकला. त्यांचं फडकं धुवायला घेतलं. दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि पदराने धरून त्यांच्यापुढे केलं. म्हटलं, आई, गार झालंय, जरा फळीवर ठेवता का? त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. घेऊन तशाच उभ्या राहून मला सांगत होत्या, की दूधवाला हल्ली पाणी फार घालतो. मग दुधातून वर येणारी वाफ त्यांना दिसली.

त्यांनी ‘हाय’ केलं नाही. पातेलं हळूच खाली ठेवलं, स्वतःही खाली बसल्या आणि तळहात उलटे करून मांडीवर ठेवले. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. नाही झाला रे. म्हातारी बाई माझ्यासमोर लहान मुलीसारखी रडली. त्यांची आई भट्टीकर. ती लवकर गेली आणि वडिलांनी यांना कडेकरांत कडेकर म्हणून वाढवलं. फडकं सोडायचं नाही, एवढंच शिकवलं. तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि पुलाच्या संघात अस्सल कडेकरच लागतो, आई भट्टीकर निघाली तर त्याच दिवशी तुला दोरावरून उतरवतील. एका पारड्यात मुलाचं पोट, दुसऱ्यात सुनेची अब्रू. त्या म्हणाल्या, मी आई आहे गं. मी म्हटलं, मीपण आहे.

तिसऱ्या दिवशी बघते तर त्या चिंगीला चुलीपुढे घेऊन बसलेल्या. हात नाही पोळत, पण कापड पेटतं, म्हणून आगीपाशी जायचं तर आधी बाह्या कोपरापर्यंत वर. भट्टीकरांच्या पोरांना पहिलं हेच शिकवतात म्हणे. चिंगी इवल्याशा बाह्या गुंडाळत होती, एक वळण, दुसरं वळण, मग कोपरावर एक थाप. मी हातातलं काम टाकून बघत राहिले. ती थाप मी रोज बघायची. तू चूल पेटवताना, दिवा लावताना. मी आईंना विचारलं, हे तुम्ही आणखी कुणाला शिकवलं होतं? त्यांनी चिंगीची बाही सारखी केली.

तर माकडा, माझी निर्दोषता सिद्ध करायला हे पत्र नाही. ती सिद्ध करायची तुझ्यापुढे गरजच नव्हती, होय ना? काच तापलेली होती, आणि दोरावर तू कधी खाली का बघत नाहीस तेही आता कळलं. तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू काचवाल्याच्या भट्टीकडे बघितलंस, काकू बघते आहे हे बघून. येत्या सुट्टीला मी अख्ख्या आळीला चहाला बोलावलं आहे. काकूला, काचवाल्याला, त्याच्या बायकोलाही. किटली चुलीवर असेल आणि घरातलं एकूण एक फडकं मी रंगाऱ्याच्या पिंपात भिजत घातलेलं असेल. ये, बाह्या वर कर आणि सगळ्यांसमोर किटली उतरव. तुझं काम जाईल, मला कळतं. माझं काय गेलं, ते तुला कळतं का, एवढंच बघायचं आहे. नाही आलास तरी चहा होणारच. आई म्हणाल्या आहेत, तो नाही आला तर मी उतरवते. तेव्हा खरं काय ते आळीला त्या दिवशी कळेलच. किटली तुझ्या हातात असेल की तुझ्या म्हाताऱ्या आईच्या, एवढंच ठरायचं राहिलं आहे.

तुझीच, अजून तरी,
चिंगीची आई